न दिलेलं मत कुणालाच वाचता येत नाही

प्रश्न असा आला आहे: "मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. आठ वर्षं पुण्यात, खराडीला नोकरी करतोय. नाव अजून गावच्या यादीत आहे, त्यामुळे 2024 च्या दोन्ही निवडणुकांना मत दिलं नाही. खरं सांगायचं तर फारसं वाईटही वाटलं नाही. लाखो मतांमध्ये माझ्या एका मताने काय होणार? पुण्यासारख्या शिकलेल्या शहरात निम्मे लोक घरी बसतात, म्हणजे त्यांनाही हेच वाटत असणार. आणि मत न देणं हेही एक मतच नाही का?"

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीच्या काळात बीएलओ म्हणून, म्हणजे एका मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणारी कर्मचारी म्हणून, काम केलं आणि मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष म्हणून बसले, दोन्ही वर्षानुवर्षं. निवृत्तीनंतर आता सोसायट्यांमध्ये आणि वसतिगृहांत जाऊन नावनोंदणीला मदत करते. तेव्हा जे लिहिते आहे ते यादी आणि केंद्र या दोन टोकांवरून पाहिलेलं आहे.

एका मताबद्दल आधी बोलू, कारण तिथे गोड बोलण्यात अर्थ नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात वीस लाखांच्या वर मतदार आहेत. तुमच्या एकट्याच्या मताने तिथला निकाल फिरेल ही शक्यता जवळजवळ शून्य आहे. एका मताने हरलेल्यांच्या गोष्टी दर निवडणुकीला सांगितल्या जातात आणि त्या खऱ्याही आहेत. 2004 साली कर्नाटकात संथेमरहळ्ळीला ए. आर. कृष्णमूर्ती एका मताने हरले, 2008 साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले. मुंबई महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. पण असं क्वचित घडतं. तेवढ्याच आशेवर कुणाला केंद्रावर बोलवायचं, तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

मला त्यापेक्षा आपल्याकडचे आकडे जास्त बोलके वाटतात. 2019 च्या विधानसभेला खडकवासल्याचा निकाल 2,595 मतांनी लागला. सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलात एवढे मतदार निघतील. फेब्रुवारी 2023 च्या कसबा पोटनिवडणुकीत पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार होते, त्यातले निम्मेच आले आणि फरक पडला सुमारे अकरा हजारांचा. म्हणजे न आलेले सव्वा लाखाहून जास्त आणि अंतर अकरा हजार. न येणाऱ्यांतला प्रत्येकजण आपल्या एकाच मताचा विचार करतो, आणि सगळ्यांनी मिळून निकाल दुसऱ्यांच्या हाती दिलेला असतो. एकटा माणूस निकाल ठरवत नाही. कोणत्या प्रकारची माणसं येत नाहीत, यावर तो ठरतो.

आता "निम्मे लोक घरी बसतात" याबद्दल. 2019 च्या लोकसभेला पुण्यात पन्नास टक्क्यांच्या किंचित आत मतदान झालं, 2024 ला ते 53 टक्क्यांच्या पुढे गेलं. त्याच वर्षी कोल्हापूरने सत्तरी ओलांडली. आकडे बरोबर आहेत. पण टक्का काढताना भागाकारात खाली जी संख्या येते ती यादीतल्या नावांची असते, आणि पुण्याची यादी फुगलेली आहे. सुट्टी जोडून लोक महाबळेश्वरला जातात म्हणून मतदान कमी होतं, असं दर वेळी छापून येतं. 2024 च्या विधानसभेला मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं होतं. तरी शहरातले बरेच मतदारसंघ पन्नाशीच्या घरातच राहिले. दुखणं दुसरीकडे आहे.

पेठेतल्या माझ्या यादीत एक वाडा होता. त्या घर क्रमांकावर तीसेक नावं. मी पडताळणीला गेले तेव्हा वाड्याच्या जागी पत्रे ठोकलेले आणि आत पायाचा खड्डा. समोरच्या गिरणीवाल्या काकांनी बोटं मोजत सांगितलं: थोरले गेले, धाकटे सिंहगड रोडला, मागच्या दोन खोल्यांतले धायरीला, त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला, भाडेकरू कुठे पांगले ते देवाला ठाऊक. आता अशा ऐकीव माहितीवर मला एकही नाव काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुणीही कुणाचंही नाव उडवील. नाव वगळण्याचा फॉर्म 7 लागतो, मयताच्या बाबतीत दाखला लागतो, नोटीस काढून पडताळणी करावी लागते. धाकट्यांना फोन केला तर म्हणाले, "बाई, इमारत झाली की तिथेच परत येणार आहोत, नाव हलवू नका." थोरल्यांच्या वारलेल्या पत्नीचं नाव दोन वर्षांनीही यादीत होतं, कारण आईचं नाव काढण्याचा फॉर्म भरायला मुलाचा हात धजत नव्हता. त्याला मी काय बोलणार?

अशी घरं पेठांमध्ये गल्लोगल्ली आहेत. मतदानाआधी आम्ही गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशांची वेगळी यादी करून केंद्राध्यक्षाला देतो, म्हणजे त्या नावावर कुणी आलंच तर ओळख जास्त कसून तपासता येते. जुन्या पेठेतल्या केंद्राची ती यादी हातात घेतली की लक्षात येतं, टक्केवारीत ज्यांना आपण "उदासीन पुणेकर" म्हणतो, त्यांतले कितीतरी एक तर हयात नाहीत किंवा दहा-बारा किलोमीटरवर राहायला गेलेले आहेत. जे गेलेत त्यांतले काही दर निवडणुकीला हौसेने येतातही. जुने शेजारी रांगेतच भेटतात. पण गुडघे दुखणारी आजी धायरीहून पेठेत कशी येणार? 2024 ला 85 वर्षांवरच्यांसाठी घरून मतदानाची सोय होती, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि यादीतल्या पत्त्यावर माणूस सापडावा लागतो.

दुसरा मोठा गट तुमच्यासारख्यांचा. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून आलेली हजारो मुलं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. राज्यघटनेचं कलम 326 त्यांना तोंडपाठ असतं: प्रौढ मताधिकार, आता वयाची अट अठरा. नाव मात्र गावी. एका मताला एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि अभ्यासाचे दोन दिवस जातात. त्यांना आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्याला गावच्या किंवा वसतिगृहाच्या, कोणत्याही एका पत्त्यावर नाव ठेवता येतं, हे त्यांतल्या बहुतेकांना मी सांगेपर्यंत ठाऊक नसतं.

तिसरा गट फारसा कुणाच्या नजरेला पडत नाही. एका विधानसभेला संध्याकाळी पाचच्या पुढे एक ताई केंद्रावर आल्या, चार घरची धुणीभांडी आटोपून, लहान मुलगी कडेवर. ओळखपत्र हातात घट्ट धरलेलं. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी दोनदा पाहिली, नाव नाही. मतदार ओळखपत्र असलं की मत देता येतं असा समज सगळीकडे आहे, पण यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग होत नाही. उलट नाव असेल तर कार्ड नसलं तरी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना असा दुसरा पुरावा चालतो. शंभर मीटरच्या बाहेर पक्षांची टेबलं असतात, तिथे एका कार्यकर्त्याने याद्या चाळून त्यांचं नाव शोधून दिलं. वस्ती उठून इमारतीत गेल्यावर नाव दुसऱ्या भागात गेलं होतं, केंद्र दोन किलोमीटर लांबच्या शाळेत. तोवर पावणेसहा झालेले. ताई मुलीला घेऊन तशाच निघाल्या. सहाच्या आत रांगेत लागल्या असतील तर त्यांचं मत झालं असेल, कारण सहा वाजता रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं असतं आणि चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाचं मत होईपर्यंत केंद्र बंद करता येत नाही. पोचल्या की नाही, मला कळलं नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीची तरतूद आहे. घरकामाच्या बायकांपर्यंत ती पोचत नाही. त्यांची सुट्टी आपण ठरवतो. आपल्या घरी जी ताई येते तिला "उद्या सकाळी आधी मत देऊन या, भांडी दुपारी झाली तरी चालेल" एवढं आदल्या दिवशी सांगणं, हे माझ्या मते कुठल्याही प्रभातफेरीपेक्षा मोठं काम आहे.

हे सगळे वगळले की उरतात ते ठरवून न देणारे. त्यांच्याशी मी सोसायट्यांच्या सभांमध्ये खूप बोलले आहे. एक म्हणतात, उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणारे. काल या पक्षात, आज त्या पक्षात, मग आम्ही मत द्यायचं कुणाला? या चिडीला गेल्या काही वर्षांत भरपूर कारण मिळालं आहे, ते मी नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की दगडापेक्षा वीट मऊ हे आपण घर घेताना, नोकरी धरताना, मुलांची शाळा निवडताना रोज मान्य करतो; मग फक्त मतपेटीपाशीच मनासारखाच माणूस हवा, हा हट्ट का?

दुसरे म्हणतात, आमचं महापालिकेवाचून काही अडत नाही. पाण्याला टँकर, विजेला जनरेटर, दाराशी सुरक्षारक्षक, मुलं खासगी शाळेत. मिळकतकर भरला की संबंध संपला. हे वरवर पटतं. पण जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तो पट्टा नव्या सोसायट्यांचाही आहे. नळ, विहीर, टँकर, सगळ्यांच्याच पाण्याची धास्ती घेतली लोकांनी. तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, त्यानंतर प्रशासकच कारभार पाहत होते, आणि निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं तर जून 2021 मध्ये महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक निवडायची संधी साडेचार वर्षं आलीच नाही. नगरसेवक असता तर पाणी शुद्ध झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण सभागृहात उभं राहून, नोंद होईल अशा रीतीने, "आमच्या विहिरीत क्लोरीन कधी टाकलं ते सांगा" असं विचारणारं कुणी नव्हतं. लोक अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळत होते.

इथे मतदारांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 29 मार्च 2023 ला खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. त्यानंतर जून 2024 पर्यंत पुण्याला लोकसभेत प्रतिनिधीच नव्हता. पोटनिवडणूक घ्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत त्याला स्थगिती दिली आणि ती निवडणूक झालीच नाही. एकीकडे "मतदान हे कर्तव्य" असे फलक लावायचे आणि दुसरीकडे निवडणुकाच वर्षानुवर्षं पुढे ढकलायच्या, यातून मत देण्याची सवय मोडते. अठरा पूर्ण झाल्यावर चार वर्षं महापालिकेची निवडणूकच न पाहिलेली मुलं मला भेटली आहेत. त्यांना दोष देण्याआधी हे आठवावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मत न देणं हेही मतच नाही का?

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना 17 क भरतो. यादीत नावं किती, नोंदवहीत सह्या किती, यंत्रात मतं किती. मी तो हिशेब लिहून उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याच्या प्रती देत असे. त्या कागदावर न आलेल्यांची वेगळी ओळसुद्धा नसते. एका आकड्यातून दुसरा वजा केला की ते निघतात. त्या वजाबाकीत वाड्यातल्या त्या मयत आजी असतात, धायरीला गेलेलं कुटुंब असतं, लांबच्या केंद्रावर वेळेत न पोचलेली ताई असते आणि व्यवस्थेवर विचारपूर्वक राग धरून घरी बसलेला खराडीचा इंजिनिअरही असतो. चौघेही कागदावर अगदी सारखे दिसतात. तुमचा निषेध आणि मेलेल्या माणसाची गैरहजेरी यांत फरक करणारा रकाना कुठल्याही नमुन्यात नाही. तुम्हाला वाटतं आपण काहीतरी बोललो. ते ऐकू कुणालाच गेलेलं नसतं.

वाचलं जातं ते वेगळंच. केंद्रात बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपल्या यादीवर येणाऱ्या प्रत्येक नावापुढे खूण करत असतात. तुम्ही कुणाला मत दिलं ते कुणालाही कळत नाही, पण दिलं की नाही ते त्या दिवशी दुपारीच कळलेलं असतं. निकालानंतर नमुना 20 मध्ये केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. कोणता बूथ किती चालला, कोणत्या गल्लीतून लोक निघाले, कोणत्या संकुलातून निघाले नाहीत, याचा अभ्यास कार्यकर्ते फार मन लावून करतात. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं वाक्य असं: "त्या टॉवरमध्ये पत्रकं वाटून उपयोग नाही, तिथून खाली कुणी उतरत नाही." ज्या वस्तीतून सत्तर टक्के लोक येतात तिथली ड्रेनेजची तक्रार आणि ज्या टॉवरमधून तीस टक्के येतात तिथली तक्रार, दोन्हींना सारखं वजन मिळावं हे खरं. तसं मिळत नाही. माझ्या लेखी मताचं सगळ्यात मोठं मोल इथेच आहे. कुणाला दिलं याच्याही आधी, या गल्लीतली माणसं येतात, ही नोंद पडते.

म्हणून ज्यांना कुणीच नको आहे त्यांना मी "नोटा", म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही", हे बटण दाबा असं बेधडक सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालाने ते बटण आलं. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही, सर्वाधिक मतं मिळालेला उमेदवारच निवडून येतो. तरीही ते मोजलं जातं. तुमच्याच जिल्ह्यात लातूर ग्रामीणला 2019 च्या विधानसभेत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं, सत्तावीस हजारांच्या वर. राज्यभर त्याची चर्चा झाली. ते सत्तावीस हजार लोक घरी बसले असते तर त्यांच्या नाराजीची एक ओळही कुठे आली नसती.

तुम्ही पुण्यात नाव आणावं की गावीच ठेवावं? गावाकडची शेती, वडील, ग्रामपंचायतीतलं भाऊबंदांचं राजकारण, यात जीव गुंतलेला असतो, हे मला कळतं. पण कायदा "सामान्यतः कुठे राहता" एवढंच विचारतो, आणि गावात घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आठ वर्षं खराडीत राहता, तर तुमचं पाणी, रस्ता, कचरा सगळं इथल्याच प्रभागात ठरतं. दोन्हीकडे नाव ठेवण्याचा विचार मात्र करू नका. ते बेकायदा आहे, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

फॉर्म 6 भरू नका, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. तुमच्यासारखी माणसं घाईत तो भरतात आणि यादीत दुबार नाव तयार होतं. पत्ता बदलायला फॉर्म 8 आहे. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरून भरता येतो, अडलं तर 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन करा. पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल, गॅसचं बिल, बँकेचं पासबुक किंवा खराडीच्या पत्त्याचं आधार, यांतलं काहीही चालतं. नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग जुन्या कार्डाशी जुळवून घ्या. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. दिवाळीनंतर जागे झालेल्यांना काहीच करता आलं नाही.

अर्ज केल्यावर पडताळणीसाठी बीएलओ घरी येईल. बहुधा एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असेल, शाळा किंवा अंगणवाडी सुटल्यावर उन्हातान्हात फिरणारी. मोठ्या सोसायट्यांमध्ये आम्हाला गेटवरूनच परत पाठवतात आणि मग अर्जावर "आढळले नाहीत" असा शेरा पडतो. तेव्हा अर्ज केला त्याच दिवशी सुरक्षारक्षकाला तुमचा फ्लॅट नंबर देऊन सांगून ठेवा, की यादीच्या कामाला कुणी आलं तर वर पाठवा.